वाय-फायचा पासवर्ड काय, आणि नागपूरकरांचे बाकीचे प्रश्न

नागपूरच्या नंदनवन भागात मी एक लहानशी अभ्यासिका चालवतो. चाळीस खुर्च्या, दोन कूलर, एक राउटर. इथली पोरं-पोरी एमपीएससीची, बँकेची, पोलीस भरतीची तयारी करतात. माझ्या टेबलाशी येऊन विचारलेला पहिला प्रश्न पासवर्डचा असतो, आणि एकदा तोंड उघडलं की मग नेटवर्कबद्दलचे बाकीचे प्रश्नही येतात. मोहल्ल्यातले लोकही जिना चढून येतात: पानठेलेवाला, निवृत्त मास्तर, फॉर्म भरायला आलेल्या बाया. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहून काढली. मी इंजिनिअर नाही. राउटर बंद-चालू करत करत जे कळत गेलं, ते इथं आहे.

वाय-फाय आणि मोबाइलचा डेटा, दोन्ही हवेतूनच येतात ना? मग फरक काय?

हवेतला प्रवास किती लांबचा, हा फरक. मोबाइलचा सिग्नल टॉवरपासून तुमच्या खिशापर्यंत काहीशे मीटर, कधी एक-दोन किलोमीटर येतो. ज्या लहरींवरून तो येतो, त्या कंपन्यांनी सरकारकडून लिलावात घेतलेल्या असतात. वाय-फायचा प्रवास या खोलीपासून त्या खोलीपर्यंत, आणि त्याच्या लहरी सगळ्यांसाठी मोकळ्या. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये खुला झाला. म्हणून दुकानात राउटर लावायला कोणाला विचारावं लागत नाही.

पण ‘वायरलेस’ या शब्दावर फार जाऊ नका. टॉवर असो की राउटर, त्याच्या मागं बहुतेक ठिकाणी जमिनीतून किंवा विजेच्या खांबावरून आलेली काचेची तार असते. शेवटची काही पावलं तेवढी हवेतून.

मग सिमेंट रोडचं काम निघालं की नेट काहून जाते?

उत्तर वर आलंच. जेसीबीचा पंजा खाली जातो आणि तार वर येते. खोदायच्या आधी तारेच्या मालकाला कळवता यावं म्हणून केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप आणलं. आमच्या गल्लीत खोदणाऱ्या मुकादमाला मी त्याचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, “भाऊ, माह्या मोबाइलात जागाच नाही.” मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, निघतात. केबल तोडणाऱ्या जेसीबीचा बडग्या मात्र मी अजून पाहिलेला नाही.

शहरभर फुकट वाय-फाय होणार होतं म्हणे. मग लोक ते वापरताना दिसत का नाहीत?

हा प्रश्न बहुतेक निवृत्त मास्तर विचारतात, आणि त्यात थोडं दुखावलेपण असतं. सविस्तर सांगतो.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीचं मोठं काम जाहीर झालं, तेव्हा त्यात नागपूरसाठी सुमारे १,२०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर (तीच काचेची तार), १३६ वाय-फाय हॉटस्पॉट, १०० माहिती किऑस्क आणि सुमारे ३,८०० कॅमेरे होते. जपानी गार्डन चौकापासून ऑरेंज सिटी हॉस्पिटल चौकापर्यंतचा सहा किलोमीटरचा रस्ता ‘स्मार्ट’ करायचा होता. त्या वेळी एक जीबी डेटा लोक महिनाभर पुरवून पुरवून वापरायचे. चौकात फुकट नेट ही तेव्हा खरोखर मोठी गोष्ट होती.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं. सुरुवातीचे महिने फुकट, नंतरही स्वस्त, आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही भाव खाली आणावे लागले. महिन्याचा डेटा लोक दिवसाला उडवू लागले. जे फुकट मिळवायला व्हेरायटी चौकात थांबायचं, ते खिशातच आलं. चौकातलं वाय-फाय मग तहान भागल्यावर वाटलेल्या पाण्यासारखं झालं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाय-फाय वापरायला माणसाला कुठंतरी थांबावं लागतं, बसावं लागतं. आणि बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडवर बसायचं कुठं? फूटपाथवर दुकानं, दुकानांसमोर ठेले, ठेल्यांसमोर गाड्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर दुपारी खांबाखाली उभं राहून पाच मिनिटं मोबाइल हातात धरून बघा. तुमच्या आधी मोबाइलच हात टेकतो, तापला म्हणून स्क्रीन मंद करतो. वाय-फायच्या प्रत्येक खांबाजवळ एक बाक, एक झाड आणि पाण्याचा एक माठ ठेवायचं कलम त्या योजनेत असतं, तर तिथं आज गर्दी दिसली असती असं मला वाटतं. माझ्या अभ्यासिकेत येणाऱ्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा डेटा आहे. ती येतात खुर्चीसाठी, कूलरसाठी आणि शांततेसाठी. वाय-फाय हा वरचा फायदा.

रेल्वे स्टेशनवर मात्र चालते ना?

चालतं. तिथं लोक थांबलेलेच असतात, बाक असतो, पंखा असतो आणि गाडी लेट असते. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर वाय-फाय सुरू झालं. रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल, तिच्यासोबत तेव्हा गूगल होतं. २०२० मध्ये गूगलनं हात काढून घेतला, पण रेलटेलनं ‘रेलवायर’ नावानं सेवा चालू ठेवली. दिवसाला पहिली ३० मिनिटं फुकट, त्यापुढं पैसे. नागपूर स्टेशनवर उतरलेल्या गावाकडच्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

प्रत्येक ठिकाणी ओटीपी का मागतात? वाय-फायच तर पाहिजे, कर्ज थोडीच मागून राहिलो!

२००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. घरच्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सूचना काढल्या की वाय-फाय कोण वापरतं त्याची ओळख ठेवली पाहिजे. तेव्हापासून मोबाइल नंबर आणि ओटीपी आलं.

कारण पटण्यासारखं आहे. पण त्यामुळं गंमत अशी झाली की फुकट वाय-फाय मिळवायला चालू सिमकार्ड लागतं. म्हणजे ज्याचं रिचार्ज संपलं, ज्याचा मोबाइल चोरीला गेला, जी मुलगी भावाचा जुना मोबाइल सिमशिवाय वापरते, त्यांच्यासाठी दार बंद. ज्यांना त्याची खरी गरज, नेमके तेच बाहेर. आमच्या इथं मी वहीत नाव आणि नंबर लिहून घेतो. नंबर नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाचा घेतो.

माझ्या पानठेल्यावर मी वाय-फाय विकू शकतो का?

शकता. ‘पीएम-वाणी’ नावाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केली, ती याचसाठी. ठेलेवाला, चहावाला, किराणावाला यांनी राउटर लावायचा आणि गिऱ्हाइकांना पाच-दहा रुपयांची कुपनं द्यायची. तुम्हाला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी नाही. नोंदणी, हिशोब, ओळख तपासणं हे वरचा समूहचालक (अशा अनेक ठेल्यांचं काम एकत्र सांभाळणारी कंपनी) आणि अॅपवाले बघतात. जुना एसटीडी-पीसीओचा पिवळा डबा आठवतो ना, त्याचाच हा नातू म्हणा.

अडचण होती ती वेगळीच. घरी लावतो तसं स्वस्त कनेक्शन ठेलेवाल्याला मिळायचं नाही. कंपन्या त्याला व्यापारी दर लावायच्या आणि सगळा नफा तिथंच संपायचा. जून २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, ठरवलं की अशा छोट्या दुकानदाराला २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही.

तरी पण सुपारीपेक्षा जास्त कमाई होईल या आशेवर सुरू करू नका. जवळ वसतिगृह, मजुरांच्या खोल्या किंवा शिकवणी वर्ग असेल तरच विचार करा. नुसत्या चौकात नाही.

नेट गेलं तर तर्री-पोह्याचे पैसे कसे द्यायचे?

हसू नका, हा प्रश्न खरा आहे. २०१६ च्या नोटबंदीनंतर क्यूआर कोड हळूहळू सगळ्या ठेल्यांवर चिकटला, आणि आता खिशात सुट्टे ठेवणारा माणूस विरळा. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय काही तास अडखळत होतं. नंतर कळलं ते असं की बँकांच्या यंत्रणा ‘तो व्यवहार झाला का, झाला का’ हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या विचारपुशीनंच मुख्य यंत्रणा दमली. आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं त्या दिवशी काय केलं? तर्री वाढत वाढत चुन्याच्या डबीच्या पुठ्ठ्यावर नावं लिहिली. “उद्या देजा, बाप्पा.” तीन दिवसांत दोघं सोडून सगळ्यांनी दिले. ते दोघं कोण, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

आता कामाचं. तुमचं नेट गेलं असेल आणि दुकानदाराचं चालू असेल, तर *९९# डायल करून पैसे पाठवता येतात. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त नंबर बँकेशी जोडलेला हवा. साध्या बटणांच्या फोनसाठी २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ आहे. ‘यूपीआय लाइट’ सुरू करून ठेवा: त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते, एका वेळी हजारापर्यंत पिनशिवाय देता येतात, आणि दर वेळी बँकेच्या सर्व्हरपर्यंत जावं लागत नसल्यामुळं बँक बसलेली असली तरी बहुतेकदा काम होतं. नेट मात्र त्यालाही लागतं.

दुकानदारांना एक सांगणं: “पन्नास रुपये प्राप्त हुए” म्हणणारा डबा तुमच्या मोबाइलवर चालत नाही, त्याच्या पोटात स्वतःचं सिम असतं. त्यामुळं तुमचा मोबाइल चालू आणि डबा मुका, किंवा उलटं, असं होऊ शकतं. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवतो त्यावर विसंबू नका, तशी खोटी चित्रं निघतात. आपल्या अॅपमध्ये जमा झालेलं बघा आणि मग पोहे द्या. आणि शंभर-दोनशेचे सुट्टे गल्ल्यात असू द्या.

दीक्षाभूमीवर गर्दी झाली की फोन का लागत नाही? टॉवर तर समोर दिसते!

टॉवर दिसणं आणि टॉवरमध्ये जागा असणं, वेगळं. एक टॉवर म्हणजे एक बस समजा. रोजची सवारी तिला पेलते. अशोक विजयादशमीला लाखो लोक दोन-तीन दिवस एकाच परिसरात येतात, आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल तीच बस पकडायला धावतो. त्यात प्रत्येक जण स्तूपासमोरचा व्हिडिओ गावाकडं पाठवतो. मोबाइलचं जाळं बघायचा वेग लक्षात घेऊन बांधलेलं असतं, पाठवायचा रस्ता अरुंद असतो. कॉल लागला नाही की फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि दाटी वाढवतो.

अशा गर्दीसाठी कंपन्या चाकांवरचे टॉवर, म्हणजे अँटेना बसवलेल्या गाड्या, आणून उभ्या करतात. ५जीमुळंही फरक पडला. नागपूर त्यात मागं नव्हतं: ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलनं ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं, त्यात मुंबई-दिल्लीच्या जोडीला आपलं नाव होतं. पण दसऱ्याच्या दिवशी कोणतंही ‘जी’ दमतं.

म्हणून तिथं जाताना जुनी रीत पाळा. एक: भेटायची जागा आणि वेळ घरून निघतानाच ठरवा. “पोचल्यावर फोन करतो” असं सोडू नका. दोन: म्हाताऱ्या माणसाच्या आणि लेकरांच्या खिशात चिठ्ठीवर नंबर लिहून ठेवा. तीन: फोन लागत नसेल तर साधा एसएमएस करा. तो इवलासा असतो, रांगेत थांबतो आणि जागा मिळाली की पोचतो. माझी आई दरवर्षी जायची. ती म्हणायची, पुस्तकांच्या स्टॉलांपाशी उभं राहा, हरवलेलं माणूस तिथंच सापडते. अजूनही सापडतं.

मोहल्ल्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप कामाचा की डोक्याला ताप?

दोन्ही, आणि दोन्हींची उदाहरणं नागपुरातच आहेत.

मे २०२४ च्या शेवटी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. यंत्रानं आकडा पाठवला, कोणीतरी स्क्रीनशॉट काढला, आणि तासाभरात आमच्या ग्रुपवर ‘नागपूर जगात सर्वात उष्ण’ फिरू लागलं. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता, इतर काही केंद्रं ४४ च्या आसपास होती. ती दुरुस्ती ग्रुपवर एकानं टाकली. तिला एकही अंगठा मिळाला नाही. उलट एक जण म्हणाला, “४४ काय कमी आहे का बे?” त्याचंही बरोबर होतं.

दुसरं उदाहरण २३ सप्टेंबर २०२३ चं. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांत पाणी शिरलं. कोणत्या गल्लीत किती पाणी आहे, कोणाच्या घरी म्हातारं माणूस अडकलंय, हे माझ्या ओळखीच्या घरांना सगळ्यात आधी ग्रुपवरूनच कळलं. मग वीज गेली. वीज गेल्यावर राउटर मेले, दुपारपर्यंत मोबाइल मेले. माझा एक मित्र गच्चीवर दोन टक्के बॅटरी घेऊन उभा होता. शेवटी त्याला बाहेर काढलं ते शेजारच्या इमारतीतून ओरडून.

त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये एक नियम झाला: फॉरवर्ड टाकायचं तर कुठून आलं ते लिहायचं. पाळतात अर्धे. आणि प्रत्येक इमारतीत एक पॉवर बँक भरलेली ठेवायची. तो नियम सगळे पाळतात.

चौकाचौकांत कॅमेरे आहेत. चांगलं की वाईट?

अपघात करून पळालेला सापडतो, चालान घरी येतं, रात्री उशिरा घरी जाणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना बरं वाटतं. हे खरं. आपण कुठं गेलो, कोणासोबत उभे होतो, याची नोंद कोणी किती दिवस ठेवतं, हेही विचारायला हवं. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा केला, पण त्यात सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत. तेव्हा विचारत राहा.

टॉवरमुळं कॅन्सर होतो का? चिमण्या गेल्या त्या टॉवरमुळंच ना?

टॉवरच्या लहरी एक्स-रेसारख्या पेशी फोडणाऱ्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या यादीत टाकलं. २०२४ मध्ये त्याच संघटनेसाठी झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. भारतानं २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा आणली. चिमण्यांचं म्हणाल तर मातीची घरं गेली, वळचणी गेल्या, अंगणात पाखडलेले दाणे गेले. आधी ते बघू.

“तुमच्या गच्चीवर टॉवर लावतो, आधी पैसे भरा” असा फोन आला तर मात्र नक्की घात आहे. ट्राय अशी कोणतीही परवानगी देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर करू नका.

अभ्यासिकेच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर बँकेचं काम करावं का?

टाळा. पूर्वीइतका धोका राहिलेला नाही, कारण बँकेचं अॅप आणि कुलपाची खूण असलेली साइट यांतली माहिती सांकेतिक रूपात गुंडाळूनच जाते. भीती आहे ती बनावट नावाच्या वाय-फायची. ‘फ्री वाय-फाय’ नावाचं जाळं कोणीही आपल्या मोबाइलवरून उघडू शकतं. नाव भिंतीवर लिहिलेलं असेल तेच निवडा, आणि ‘हे अॅप टाका मग नेट मिळेल’ म्हटलं की उठा. पैसे पाठवायचे तर दोन मिनिटं स्वतःचा डेटा वापरा.

माझ्याकडे मोबाइल आहे, नेट आहे, तरी सरकारी काम अडते. असं कसं?

कारण नेट म्हणजे फक्त रस्ता. गेल्या वर्षी एका योजनेचं ई-केवायसी निघालं, तेव्हा आठवडाभर आमच्या जिन्यावर बायांची रांग होती. एकीचा आधार नवऱ्याच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरला जोडलेला. एकीच्या बोटांचे ठसे भांडी घासून पुसले गेलेले. एकीला ओटीपी आला, पण तो इंग्रजी मेसेजमध्ये कुठं आहे ते कळेना, तोवर वेळ संपला. साइट दिवसा उघडतच नव्हती, म्हणून पोरांनी पाळी लावली आणि रात्री दोन वाजता बसून तिघींचे फॉर्म भरले. नेटचा वेग तेव्हा उत्तम होता.

माझा सल्ला: आधार कोणत्या नंबरला जोडलाय ते आजच बघा, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नको. आणि ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवायचा नसतो हे आईला सांगताना, मग फॉर्म भरणाऱ्या पोराला तो सांगावाच लागतो तेव्हा काय करायचं, हेही सांगा. मी अजून याचं नीट उत्तर देऊ शकलेलो नाही. आमच्याकडे नियम एवढाच की ओटीपी ज्याचा त्यानं स्वतःच्या बोटानं टाकायचा. वेळ लागतो. लागू दे.

सगळे मोबाइलमध्येच घुसून राहिले. कट्टा मेला का?

फुटाळा तलावावर संध्याकाळी जाऊन बघा. भुट्टा खात चार पोरं एका मोबाइलभोवती डोकी जोडून बसलेली असतात. मेट्रोत प्रत्येक जण आपल्या स्क्रीनमध्ये असतो हे खरं, पण त्याआधी आपण बसमध्ये खिडकीबाहेर बघत गप्पच बसायचो, शेजाऱ्याशी गप्पा मारत नव्हतो. कट्टा जातो तो बसायची जागा गेली की. पानठेल्यासमोरचा ओटा पाडून तिथं पार्किंग केलं, तर दोष मोबाइलला देऊ नये.

बरं, पासवर्ड काय?

दारामागच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असतो. दर सोमवारी बदलतो. फोटो काढून मित्राला पाठवू नका. मित्राला घेऊन या, मागच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.